कंपनीच्या भिंतीवर आपलं काम लावताना

ऑफिसच्या लॉबीतली, मॉलच्या दर्शनी भागातली किंवा लाँचच्या मंचामागची मोठी एलईडी भिंत भरून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. स्वतःचं जनरेटिव्ह कामही करते, म्हणजे कोड लिहून त्यातून चित्रं घडवते, ते अधूनमधून गॅलरीत लागतं. गॅलरीवाल्यांना पहिली ओळख कळली की ते 'अच्छा, इव्हेंटवाल्या' म्हणून विषय बदलतात. इव्हेंटवाल्यांना दुसरी कळली की त्यांना वाटतं, आता ही बाई वेळेत फाइल देत नाही. दोघांचंही थोडंफार बरोबर आहे.

पण कंपनीचा पैसा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: संगणकावरची कला वाढली ती कंपन्यांच्याच अंगणात. १९६५ साली न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत संगणकाने काढलेली चित्रं लागली, ती मायकल नोल आणि बेला युलेस यांची. दोघेही बेल लॅब्जचे, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचे, नोकरदार संशोधक. जॉन व्हिटनीने विमानवेधी तोफांच्या नेमबाजीचं भंगारात निघालेलं यंत्र जोडून आकृत्या फिरवल्या, त्यातून जाहिरातींसाठी आणि चित्रपटांच्या श्रेयनामावल्यांसाठी दृश्यं बनवली, आणि १९६६मध्ये आयबीएमने त्याला स्वतःच्या यंत्रांवर काम करायला बोलावलं. १९६१मध्ये त्याने आपल्या इफेक्ट्सचा नमुना म्हणून जोडलेली रील, 'कॅटलॉग', आज संगणकीय कलेच्या इतिहासात शिकवतात. तेव्हा कंपनीचं काम घ्यावं की नाही यावर मी वेळ घालवणार नाही. कुठल्या अटींवर घ्यावं, एवढंच सांगते. पहिल्यांदाच असं काम हातात आलंय, त्यांच्यासाठी.

पैसे कुठल्या खात्यातून येताहेत?

ब्रीफ, म्हणजे क्लायंटने लिहून दिलेली मागणी, उघडायच्या आधी हे विचारा, आणि विचारताना लाजू नका. मार्केटिंगच्या बजेटमधून काम निघालं असेल तर त्याचं आयुष्य मोहिमेइतकं. मोहीम संपली की त्याच भिंतीवर पुढच्या उत्पादनाचा फोटो येतो आणि तुम्हाला कुणी कळवतही नाही. इंटिरियरच्या खर्चात धरलं असेल तर भिंत उभी करायला भरपूर पैसे असतात, ती चालती ठेवायला दमडी नसते. एचआरकडून आलं तर कंपनीची मूल्यं दाखवायची असतात: पाच मूल्यं, पाच रंग, हातात हात घातलेल्या आकृत्या. त्यातून काही निघू शकतं, पण मेहनत दुप्पट. सगळ्यात टिकाऊ खातं फॅसिलिटीचं, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्यांचं. त्यांना कलेशी देणंघेणं नसतं, पण लिफ्ट बंद पडून चालत नाही तशी भिंतही बंद पडून चालत नाही एवढं त्यांना पक्कं कळतं. पहिल्या बैठकीला फॅसिलिटीचा माणूस नसेल तर त्याला बोलवायला सांगा. मार्केटिंगवाले चकित होतील, होऊ द्या.

चालवण्याच्या खर्चाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जपानमधल्या १९७०च्या ओसाका एक्स्पोमधला, म्हणजे जागतिक प्रदर्शनातला, पेप्सीचा मंडप. बेल लॅब्जमधल्या बिली क्लुव्हर या इंजिनिअरने रॉबर्ट राउशेनबर्गसारख्या कलावंतांना घेऊन 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' नावाची संस्था काढली होती, तिच्याकडे हे काम आलं. बाहेरून मंडपावर फुजिको नाकाया यांनी पाण्याचं खरंखुरं धुकं सोडलं. अंगणात रॉबर्ट ब्रीअरचे पांढरे घुमट, उभं राहून पाहिल्याशिवाय लक्षातही येणार नाही इतक्या हळू सरकायचे. आत मायलरचा, म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा, गोलाकार आरसा. त्याखाली उभं राहिलं की आपलीच उलटी प्रतिमा डोक्यावर हवेत तरंगताना दिसायची. आणि या सगळ्यात कलावंतांनी येऊन नवे नवे जिवंत कार्यक्रम करायचे, असा बेत. मंडप कसा चालवायचा आणि त्यावर किती खर्च करायचा यावरून दोन्ही बाजूंचं फाटलं. एक्स्पो चालू असतानाच पेप्सीने कारभार स्वतःकडे घेतला आणि जिवंत कार्यक्रमांचा बेत बारगळला.

म्हणून कोटेशनमध्ये 'निर्मिती' आणि 'चालवणं' या दोन वेगळ्या ओळी टाका. दुसऱ्या ओळीत वर्षभराची देखभाल, भिंतीचे सुटे तुकडे (मॉड्यूल), सर्व्हरची साफसफाई, वर्षातून एकदा कामात केलेला बदल, सगळं लिहा. क्लायंट ती ओळ काटणार, हे धरूनच चला. पण काटताना त्याची सही त्या कागदावर राहते.

जागेवर जा, आणि दिवसभर बसा

लॉबीतल्या भिंतीचे प्रेक्षक कोण? ब्रीफमध्ये लिहिलेलं असतं 'अभ्यागत आणि भागधारक'. प्रत्यक्षात अभ्यागत दारातून लिफ्टपर्यंत जातो, वीसेक सेकंदांत, त्यातही निम्मा वेळ फोनमध्ये. खरा प्रेक्षक म्हणजे समोर टेबलावर बसलेली रिसेप्शनिस्ट आणि दाराशी उभा सुरक्षारक्षक. तीन मिनिटांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, असेल तर आठ तासांच्या पाळीत तो त्यांना १६० वेळा बघावा लागतो. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत सांगते.

एका लॉबीत मी गेले तेव्हा आधीच्या कुणाचं तरी काम चालू होतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कंपनीच्या रंगांचे फुगे. रिसेप्शनवरच्या ताईंनी मॉनिटरच्या मागे एक जाड बॉक्स-फाइल आडवी उभी केली होती, वर चिकटपट्टीने पुठ्ठा वाढवलेला. भिंत पांढरी झाली की त्यांच्या स्क्रीनवर चकाकी यायची आणि नावं वाचता यायची नाहीत. त्या म्हणाल्या, "दुपारी चारनंतर तर डोळे मिटूनच टाइप करते मी." त्या पुठ्ठ्याचा फोटो मी प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर लावला. त्यानंतर पूर्ण पांढरी फ्रेम कुणी मागितली नाही.

तर करायचं काय: सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर, तिन्ही वेळा जागा बघा. आतल्या एलईडी भिंती साधारण ६०० ते १००० निट्सपर्यंत (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) जातात. बंद लॉबीत संध्याकाळी त्याचा चौथा हिस्साही पुरतो. भिंतीला चित्र पुरवणाऱ्या प्रोसेसरमध्ये वेळेनुसार उजेड कमी करायची सोय असते, ती लावून घ्या, आणि लावली की नाही ते स्वतः डोळ्यांनी बघा. लूपला ठळक सुरुवात-शेवट ठेवू नका, कारण कुणीही सुरुवातीपासून बघत नाही. आणि खूप वेळ जवळजवळ काहीच न घडणारे तुकडे ठेवा. क्लायंटला डेमो दाखवताना ते कंटाळवाणे वाटतात. तिथे रोज बसणाऱ्यांना तेच हवे असतात.

पिक्सेलचा हिशेब

हे पटकन सांगते, कारण हे सगळीकडे सापडतं. भिंतीचा पिच विचारा, म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. २.५ पिचची ६ मीटर बाय ३ मीटर भिंत म्हणजे २४०० बाय १२०० पिक्सेल. एवढंच. लोक फोर-केमध्ये रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घेत, आठवडा घालवतात आणि भिंत ते निम्म्याहून कमी पिक्सेलवर आणते. जितके मिलिमीटर पिच, साधारण तितके मीटर लांबून बघितलं की पिक्सेल सुटे दिसत नाहीत. भिंत लावणाऱ्याकडून पिक्सेल मॅप, म्हणजे कुठला पिक्सेल कुठे आहे त्याचा नकाशा, घ्या. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर विसंबू नका, खांबाला वळसा घातलेला असतो तिथे एक कॅबिनेट, म्हणजे भिंत ज्यांनी जोडली जाते त्यातला एक चौकोनी खण, हमखास कमी पडतं. पहिल्या दिवशी कला लावायचीच नाही, टेस्ट पॅटर्न लावायचा: प्रत्येक कॅबिनेटवर क्रमांक, एका पिक्सेलच्या रेषा, आणि काळ्यापासून दहा टक्के करड्यापर्यंतची छटा. त्या शेवटच्या छटेतच स्वस्त भिंत उघडी पडते, अंधारात पायऱ्या-पायऱ्या दिसतात. तुमच्या कामात गडद रंग असतील तर तेव्हाच ठरवा, रंग बदलायचे की भिंतवाल्याशी भांडायचं.

बारीक समांतर रेषा टाळा, फोनच्या कॅमेऱ्यात त्यांचे लाटांसारखे डाग पडतात. आणि एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक लहान मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. तो पडदा घरातल्या टीव्हीचा होता. तुमचा सहा मीटरचा आहे.

'आम्हाला ती लाट हवी'

२०२०मध्ये सोलच्या कोएक्स भागातल्या भल्यामोठ्या बाहेरच्या स्क्रीनवर डिस्ट्रिक्ट या कंपनीने काचेच्या पेटीत आपटणारी समुद्राची लाट दाखवली. तिचा व्हिडिओ जगभर फिरला, आणि तेव्हापासून प्रत्येक क्लायंटच्या रेफरन्समध्ये ती लाट असते. काम उत्तमच आहे. पण ही युक्ती एका ठरावीक जागेवरून बघितली तरच चालते. तिथून पाच पावलं बाजूला सरकलं की पेटी वाकडी होते. तुमच्या लॉबीला तीन दारं असतील तर तीन ठिकाणांहून मॉकअप, म्हणजे जागेवर कसं दिसेल त्याचं नमुनाचित्र, रेंडर करून क्लायंटसमोर ठेवा. भांडायची गरज पडत नाही.

दुसरा रेफरन्स रफिक अनादोल या डिजिटल कलावंताचा. त्यांचं 'अनसुपरवाइज्ड' नोव्हेंबर २०२२पासून न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाच्या लॉबीत जवळजवळ वर्षभर होतं: संग्रहालयाच्या संग्रहावर शिकवलेलं यंत्र, आणि भिंतभर सतत वितळत राहणारे रंग. माणसं तासन् तास बसून राहायची. जेरी सॉल्ट्झ या समीक्षकाने मात्र त्याला लाव्हा लॅम्पच्या, म्हणजे रंगीत गोळे वरखाली तरंगणाऱ्या शोभेच्या दिव्याच्या, रांगेत बसवलं. मला विचाराल तर गर्दी आणि समीक्षक दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, ती म्हणजे आकार. त्या कामात हवामान, लॉबीतला आवाज आणि हालचाल यांचा परिणाम चित्रावर होत होता; भिंत एवढी मोठी की त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. २०२३मध्ये लास व्हेगासचं स्फिअर उघडलं, बाहेरून पाच लाख चौरस फुटांहून जास्त एलईडीने मढवलेला गोल. त्यावर अनादोलचं काम लागलं, आणि त्याच गोलावर जाहिरातीही लागतात. आकारात कुणाशी स्पर्धा करायची ती आता संपली असं समजा.

त्यामुळे माझी एक चाचणी आहे. काम अर्धवट तयार झालं की ते फोनवर काडेपेटीएवढं करून, रंग काढून, आवाज बंद करून बघते. तरीही दोन मिनिटं बघावंसं वाटलं तर भिंतीवर ते टिकतं. नाही वाटलं तर जे काही छान दिसत होतं ती भिंतीची कमाई होती. ही चाचणी क्लायंटला दाखवू नका, घाबरतात.

कंपनीचा डेटा

हल्ली सगळ्यांना 'आमच्या डेटामधून कला' हवी असते. इथे थोडं थांबा, कारण या कामात गोम इथेच असते.

आधी विचारा, कुठला डेटा? कर्मचाऱ्यांच्या प्रवेशपत्रांचा असेल, कोण कधी आलं, कधी गेलं, तर मी तिथेच नाही म्हणते. त्यातून कितीही सुंदर फुलं फुलवली तरी ती पाळतच, आणि रोज आत येणाऱ्याला ते कळतं. मग विचारा, वाईट दिवशी चित्राचं काय करायचं? एका ठिकाणी इमारतीच्या वीजवापरावर काम चाललं होतं. वापर वाढला की फांद्या दाट व्हायच्या, घटला की विरळ. मार्केटिंगचे साहेब नमुना बघून म्हणाले, "मॅडम, विरळ होताना नको दाखवूया. बोर्डाची माणसं इथूनच वर जातात."

"सर, विरळ म्हणजे वीज वाचली."

"ते त्यांना कुठे माहितीये? त्यांना झाड वाळलेलं दिसणार."

मुद्दा बिनतोड होता. मी हिरवा आणि तपकिरी दोन्ही काढून टाकले, फांद्या एकाच राखाडी-निळ्या रंगात ठेवल्या, आणि बाजूला हाताएवढी पाटी लावली: मागच्या चोवीस तासांत या इमारतीने किती वीज वापरली ते इथे दिसतं. चांगलं-वाईट सांगणारे रंग गेले की आकड्याला खाली जायची मुभा मिळते. हे तुम्हीही करा. पण क्लायंटचा हट्टच असेल की चित्र सदा फुललेलंच हवं, तर त्याला सरळ सांगा की मग हे सजावटीचं काम, डेटाचं नाही. दर वेगळा, आणि पाटीवर 'डेटा' लिहायचं नाही.

डेटा चावतो कसा हे बघायचं तर हान्स हाके या कलावंताचं १९७०चं मोमामधलं काम बघा. पारदर्शक दोन पेट्या, आणि प्रेक्षकाने मत टाकायचं: इंडोचायनाबाबतच्या (म्हणजे व्हिएतनाम युद्धाबाबतच्या) अध्यक्ष निक्सनच्या धोरणाचा न्यूयॉर्कचा गव्हर्नर रॉकफेलरने निषेध केला नाही, म्हणून तुम्ही त्याला मत देणार नाही का? नेल्सन रॉकफेलर तेव्हा त्याच संग्रहालयाच्या कारभाऱ्यांपैकी. 'हो'ची पेटी दुसरीच्या दुप्पट भरली. लॉबीच्या कामात कुणी एवढी मोकळीक देणार नाही. तरी ते डोक्यात असू द्या. आपण कुठवर आलो आणि कुठे थांबलो ते नीट कळतं.

लोगो

लोगो चित्रात येऊ द्यायचा नाही. त्याला वेगळी वेळ द्या. १९८२मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या स्पेक्टाकलर या दिव्यांच्या जाहिरात फलकावर जेनी होल्झर या कलावंताची वाक्यं झळकली, ती जाहिरातींच्या रांगेत कलावंतांना मिळालेल्या छोट्या तुकड्यांत. आजही तिथे रोज रात्री ११.५७पासून मध्यरात्रीपर्यंत तीन मिनिटं जाहिरातींचे फलक एका कलावंताला देतात. जाहिरात जाहिरातीच्या वेळेत, काम कामाच्या वेळेत. मी करारात लिहून घेते: अकरा मिनिटं काम, मग काळी फ्रेम, मग एक मिनिट तुमचं काय ते, मग पुन्हा काळी फ्रेम. 'कोपऱ्यात छोटासा असू दे ना' यावर उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर असं असतं की रिसेप्शनच्या मागे पितळेचा तीन फुटी लोगो आहेच.

कागदावर काय हवं

फेरबदल किती वेळा, ते आकड्यात. फाइल कोण बदलू शकतं: फक्त तुम्ही. काम अर्धवट किंवा बिघडलेल्या अवस्थेत चालू राहिलं तर आपलं नाव काढून घ्यायचा हक्क. श्रेयाची पाटी, तिचा आकार आणि जागा. तुमच्या कामावर कुणी एआय मॉडेल शिकवणार नाही, हे स्पष्ट शब्दांत. शेवटचा हप्ता 'फाइल सुपूर्द केल्यावर' असा लिहा, 'उद्घाटनानंतर' असा नको. उद्घाटन पाहुण्याच्या तारखेवर पुढे ढकललं जातं आणि तुमचे पैसेही त्याच्याबरोबर ढकलले जातात.

आणि तंत्र तुमच्याकडे राहू द्या. भिंतीवरचं चित्र कंपनीचं, पण ते ज्या कोडमधून निघालं तो कोड, त्यातली साधनं, पद्धत तुमची. ओसाकाचा मंडप कधीच गेला. फुजिको नाकाया मात्र पुढे कित्येक दशकं जगभर धुक्याची शिल्पं करत राहिल्या. बिल्बाओच्या गुगेनहाइमबाहेर आजही त्यांचं धुकं सुटतं.

तुम्ही निघून गेल्यावर

काम जिवंत चालणारं असेल, म्हणजे प्रोग्रॅम त्याच क्षणी चित्र बनवत असेल, टचडिझायनर, नॉच, अनरिअल, कुठल्याही सॉफ्टवेअरवर, तर सोबत आधी रेंडर केलेला तासाभराचा व्हिडिओ द्याच. प्रोग्रॅम अडकला की यंत्राने आपोआप पुन्हा सुरू करावा, आणि दोनदा जमलं नाही तर व्हिडिओ लावावा. काळ्या भिंतीवर विंडोजचा एरर बॉक्स आला की त्याचा फोटो काही मिनिटांत सगळ्या ऑफिसभर फिरतो.

भिंत रोज चालू-बंद करणारा माणूस बहुधा इमारतीचा इलेक्ट्रिशियन असतो. त्याच्यासाठी एक पान करा, तो वाचतो त्या भाषेत, फोटोंसह: आधी कुठलं बटण, मग किती थांबायचं, मग कुठलं. ते लॅमिनेट करून रॅकच्या, म्हणजे यंत्रं ठेवलेल्या कपाटाच्या, दाराला आतून चिकटवा. ते त्याच्या हातात देताना त्याला स्वतःला एकदा सगळं बंद करून चालू करायला लावा. माझी सगळ्यात जास्त दिवस नीट चालणारी भिंत अशाच एका माणसामुळे चालली आहे. मार्केटिंगमधलं कुणी बघत नसताना तो उजेड स्वतःहून उतरवतो.

शेवटी चित्रीकरण. हे कंपनीच्या व्हिडिओवाल्यावर सोडू नका, तो ड्रोन आणतो आणि संगीत लावतो. कामाच्या दिवशी, माणसांची ये-जा असताना, एका जागी ट्रायपॉड लावून निदान अर्धा तास सलग घ्या. माणसाची उंची फ्रेममध्ये दिसली पाहिजे, लॉबीचा खरा आवाज ऐकू आला पाहिजे. कॅमेऱ्याचं शटर भिंतीच्या रिफ्रेशशी, म्हणजे ती सेकंदात किती वेळा चित्र ताजं करते त्याच्याशी, जुळवा, नाहीतर फुटेजमध्ये पट्टे सरकतात. चित्रीकरणाची परवानगी करारातच घ्या, आणि गोपनीयतेच्या कलमाला शेवटची तारीख असू द्या, म्हणजे त्या दिवसानंतर ते फुटेज तुम्हाला कुठेही दाखवता येईल.